हातांनी बघायची बाग

२५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर असतो. शहर ज्या पावसावर बारा महिने काढतं, त्यातला पाऊण वाटा ताम्हिणीने एका दिवसात अंगावर घेतला. मुळशी तालुक्यात बाग करायला निघालेल्याने रोपवाटिकेत पाऊल टाकण्याआधी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्याच पानावर दुसरी ओळ लिहावी: ऑक्टोबर सरला की पुढचे सात-आठ महिने जवळजवळ थेंब नाही.

पंचेंद्रियांची बाग, म्हणजे ज्याला आता सगळे सेन्सरी गार्डन म्हणतात, ती करावीशी वाटणारी माणसं मुळशीत वाढत आहेत. निवासी शाळा आहेत, वृद्धाश्रम आहेत, शहर सोडून पिरंगुट-पौडकडे राहायला आलेली कुटुंबं आहेत. कोळवण खोऱ्यात चिखलगावला साधना व्हिलेज ही बौद्धिक दिव्यांग प्रौढांची निवासी वसाहत १९९४ पासून आहे. अशा ठिकाणी बाग नुसती बघायला नसते. तिथे हात लावायचा असतो, पान चुरगळायचं असतं, डोळे मिटून उभं राहायचं असतं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ साली ॲलिस आयरिस यांनी दृष्टिहीनांसाठी सुगंधाची बाग आखली, तिथले वाफे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येतील इतके उंच बांधले. आपल्याकडे केरळात कालिकत विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातही दृष्टिहीनांसाठी स्पर्श-गंधाची बाग आहे. कल्पना नवी नाही. अडचण आहे ती झाडांच्या यादीची.

कुठलीही तयार यादी उघडा, पहिलं नाव लॅव्हेंडर आणि दुसरं रोझमेरी. दोन्ही भूमध्य समुद्राकाठची झाडं. तिथे पाऊस थंडीत आणि उन्हाळा कोरडा. मुळशीत नेमकं उलटं. मी हौसेने लॅव्हेंडरची सहा रोपं पौडजवळच्या वाफ्यात लावली होती. मे महिन्यात ती बरी दिसत होती. आषाढ संपेपर्यंत सहाही मुळाशी काळी पडून कुजली. रोपवाल्याची चूक नव्हती, मातीचीही नव्हती. मी झाड चुकीच्या गावी आणलं होतं.

यादी आधी माणसाची

झाडं निवडण्याआधी बाग कोणासाठी हे ठरवा, आणि त्या माणसाला बरोबर घेऊन जा. माझ्या मावशीची नजर साठीनंतर काचबिंदूने गेली. तिला एकदा रोपवाटिकेत नेलं तेव्हा मी तिला फुलांजवळ नेत होतो आणि ती पानांकडे जात होती. मोगऱ्याच्या कळीला तिने नाक लावलं, बरं वाटलं, पुढे सरकली. पानओव्याचं जाड लवदार पान मात्र तिने बोटांत धरलं, चोळलं, वास घेतला, पुन्हा चोळलं. "हे उत्तर देतं," ती म्हणाली. तेव्हापासून माझी निवडीची कसोटी हीच आहे: हात लावल्यावर झाड उत्तर देतं का?

फुलाचा वास झाडाच्या मर्जीने येतो. त्याचा हंगाम असतो, वेळ असते. पानाचा वास आपल्या हातात असतो. दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, वर्षाच्या बहुतेक महिन्यांत, पान चुरगळलं की तो मिळतो. म्हणून अशा बागेत तीनातली दोन झाडं पानांसाठी लावावीत आणि एक फुलासाठी. घरच्या बागेत आपण हे प्रमाण सहसा उलटं ठेवतो.

माणसागणिक निवड बदलते. स्वमग्न मुलाला रातराणीचा दाट वास कदाचित सहन होणार नाही, मोगऱ्याचाही नाही. त्याच्या बागेत मंद वासाची, निरनिराळ्या पोताची पानं हवीत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना नवलाईची झाडं नकोत, त्यांच्या माहेरच्या अंगणातली हवीत. त्यांच्या मुलांना, भावंडांना विचारा: घरापाशी काय होतं? घाटावरच्या बाईला शेवंती आठवेल, कोकणातल्या बाईला सुरंगी किंवा बकुळ, इथल्याच मावळणीला करवंदाच्या जाळीचा आणि भातखाचराचा वास. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी झाडाची जात बघण्याआधी वाफ्याची उंची बघावी लागते.

तालुका एक, पाऊस एक नाही

भूगाव-पिरंगुटला जे जगतं ते माले गावाच्या पुढे जगेलच असं नाही. जसजसं पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढतो. माती लाल होत जाते आणि तिच्यातला कस धुऊन गेलेला असतो. पिरंगुटच्या बाजूला मोगरा, जाई, दवणा, मरवा थोड्या काळजीने चालतात. ताम्हिणीच्या बाजूला हेच हाल करून घेतात, आणि तिथे सोनटक्का, हळद, आलं, वेलदोड्याच्या जातीची ओलाव्याची झाडं सुखाने राहतात.

आपल्या वाडीला कोणतं झाड मानवेल याचं उत्तर जवळच्या देवराईत मिळतं. १९७० च्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून या राखलेल्या रानांचं मोल अभ्यासकांना कळलं. गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतंच. गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, चपला बाहेर काढा आणि तासभर नुसते बघत फिरा. जे झाड तिथे कुणी पाणी न घालता शेकडो पावसाळे उभं आहे, ते तुमच्याकडेही उभं राहील. मात्र तिथून रोप उपटून आणू नका. ताम्हिणीचं रान २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथून काही काढणं कायद्यानेही चालत नाही. देशी झाडांची रोपं वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मिळतात, बी तर शेजारच्या बांधावरही मिळतं.

हाताला उत्तर देणारी झाडं

पानओवा सर्वांत आधी. छाट खोचली की लागतो, पान जाड आणि मखमली, ओव्याचा वास, वरून भजी. त्याला सतत पाऊस सोसत नाही, म्हणून तो कुंडीत लावावा आणि आषाढ-श्रावणात वळचणीखाली सरकवावा. बाग दोन कुंड्यांची करायची ठरली तरी त्यातली एक पानओव्याची असावी.

पारिजातक आपण फुलासाठी लावतो. त्याच्या पानावरून बोट फिरवून बघा, बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. म्हणजे एका झाडात दोन गोष्टी मिळतात: दिवसा पानाची खरखर, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पहाटे अंगणभर पडलेली फुलं. ती वेचणं हे स्वतःच एक काम आहे. पाकळी इतकी नाजूक की बोटांना जपून वागावं लागतं, आणि थरथरणाऱ्या म्हाताऱ्या हातांनाही ते जमतं. वाटेच्या कडेला, बसता येईल अशा दगडाजवळ हे झाड असावं.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. मुळशीतल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, शहरातून आलेल्यांना दाखवावं. साग मोठा होतो, पण कुंपणाला एखादा असला तर दरवर्षी छाटून त्याची पानं हाताच्या उंचीवर ठेवता येतात. खरवताचं पान याहून खरखरीत. त्याने लाकूड घासायची पद्धत होती.

लाजाळू सर्वांना आवडतं, पण त्याला काटे असतात आणि ते मोकळं सोडलं तर वाफाच गिळून टाकतं. कुंडीतच ठेवा. त्याहून चांगली निवड म्हणजे लाजरी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत उगवणारं, टीचभर उंचीचं, एखाद्या चिमुकल्या माडासारखं दिसणारं हे रोप. त्याची पानंही हात लावताच मिटतात आणि त्याला काटा नाही. ओल्या दगडांच्या खाचेत ती आपली आपण वाढते.

आणि तेरडा. श्रावण-भाद्रपदात मुळशीच्या बांधाबांधांवर गुलाबी होऊन उभा असतो, गौरीला घरात येतो. फुलं संपली की त्याची फुगलेली बोंडं बघा. पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की टपकन फुटतं, बिया उडतात आणि साल गुंडाळत जाते. पहिल्यांदा हाताखाली बोंड फुटलेलं मूल दचकतं आणि लगेच दुसरं शोधू लागतं. याहून सरळ उत्तर देणारं झाड मला माहीत नाही, आणि ते रोपवाटिकेत विकतही मिळत नाही. बांधावरचं मूठभर बी आणून विस्कटायचं, की पुढच्या पावसात ते हजर.

पोताची जोडी लावावी, म्हणजे फरक कळतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. पेरूची किंवा नाणा या झाडाची साल गार आणि गुळगुळीत. दोन्ही वाटेच्या दोन बाजूंना असली की माणूस एक हात इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहतो. ऐन आणि नाणा वाढायला वर्षं लागतात, पण मुळशीत जागा घेताना ही झाडं बहुधा आधीच उभी असतात. ती तोडून लॉन करू नका. बाग त्यांच्याभोवती आखा.

पावसाळ्यात दगडी गडग्यावर येणारं शेवाळ हेही लावलेल्या झाडांइतकंच मोलाचं. गडगा घासून स्वच्छ करायचा मोह आवरा. वाट मात्र घासलीच पाहिजे, कारण तिथलं शेवाळ माणसाला पाडतं.

वासाची आखणी

सुवासाची झाडं एकत्र लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. नाक थोड्याच वेळात एका वासाला सरावतं आणि चार वास एकत्र आले तर एकही कळत नाही. एका वळणावर एक वास ठेवा, मध्ये पाच-सहा मीटर मोकळं सोडा. दृष्टिहीन माणसाला त्यातून वाट सापडते. गवती चहा आला म्हणजे पायरी, कढीपत्ता आला म्हणजे नळ, बकुळ आली म्हणजे बाक. मावशी पंधरा दिवसांत काठीशिवाय नळापर्यंत जाऊ लागली, ती कढीपत्त्यामुळे.

इथे वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून बसायची जागा ठरवून सुवासिक झाड तिच्या पश्चिमेला लावा, वास आपण होऊन माणसापर्यंत येतो.

आता महिन्यांचा हिशेब. मुळशीच्या रानात माघ-फाल्गुनात करवंदीच्या जाळ्या फुलतात. त्यानंतर उन्हाळाभर कुसर, म्हणजे रानजाई, झाडांवर चढून पांढरी होते. ती इथलीच, तिला पाणी घालावं लागत नाही, मांडवावर चढवली तर विकतच्या जाईच्या तोडीचा वास देते. तरी बागांत ती क्वचित दिसते, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्यात मोगरा, आणि बकुळ. बकुळ हळू वाढते, घाई असलेल्याने ती लावू नये. पण जमिनीवर पडलेली फुलं अंध माणसाला वेचता येतात, दोऱ्यात ओवता येतात, आणि वाळल्यावरही त्यांचा वास महिनोन्‌महिने जात नाही. हे फार थोड्या फुलांना साधतं.

धो धो पावसात फुलांचा वास पसरत नाही. त्या दोन महिन्यांत पानं आणि कंद कामाला येतात: हळदीचं पान, आलं, आणि आंबेहळद. आंबेहळदीचा कंद नखाने खरवडला की कैरीचा वास येतो. डोळे मिटलेल्या माणसाच्या हातात तो ठेवा आणि ओळखायला सांगा. पाऊस ओसरू लागला की सोनटक्का. दलदलीत पाय रोवून उभं राहणारं, संध्याकाळी उमलणारं पांढरं फूल, मुळशीच्या पश्चिम भागासाठी माझी पहिली शिफारस. एक कंद लावला की तीन वर्षांत रांग होते. ओढ्याकाठी मात्र सोडू नका, तिथे तो इतरांना जागा ठेवत नाही. हिवाळ्यात दवणा आणि मरवा. लॅव्हेंडरच्या जागी मी आता दवणा लावतो. थंडीच्या सुरुवातीला पेरायचा, करडी झिरमिरी पानं, चैत्रात देवाला वाहण्याइतका तयार. ज्या हंगामात इथे पाऊस नाही त्याच हंगामात तो वाढतो, म्हणून कुजत नाही.

वाळा तर उताराच्या जमिनीला लागतोच. त्याची मुळं वाफ्याची कड धरून ठेवतात आणि दीड-एक वर्षाने थोडी खणून काढली की माठात टाकता येतात. गवती चहा सर्वांच्या ओळखीचा, पण त्याच्या पात्याची कड बोट कापते. तो हात सहज आपटेल अशा जागी नको, वाकून पातं तोडता येईल इतक्या अंतरावर हवा. त्याच्या दाट गड्ड्यामुळे साप येत नाहीत असं सांगतात, त्यावर विसंबू नका. मुळशीत घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत, आणि कोणताही दाट गड्डा त्यांना लपायला जागाच देतो. जिथे माणूस न बघता हात घालणार, तिथे वाफा उंच असावा, झाडांचा बुंधा मोकळा असावा, जवळ दगडांचा किंवा लाकडांचा ढीग नसावा.

मुळशी आणि मावळ आंबेमोहोर भातासाठी ओळखले जातात. बागेच्या एका कोपऱ्यात दोन बाय तीन मीटरचं खाचर करा आणि आवणीच्या दिवसांत शेजारच्या शेतकऱ्याकडून मूठभर रोप मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही. चिखलात पाय घालणं, रोप खोचणं, पुढे फुलोऱ्यावर आलेल्या भाताचा आंब्याच्या मोहरासारखा वास, वाऱ्यावर ओंब्यांची सळसळ, शेवटी कापणी आणि पातेल्यातून येणारी वाफ. एका पिकात पाचही इंद्रियं येतात. ज्यांचं उभं आयुष्य खाचरात गेलं आणि आता जे खाटेवर आहेत, त्यांच्यासाठी असं खाचर खिडकीखाली असावं.

ऐकण्यासारखं

आवाजासाठी घंटा आणि नळ्या टांगायची गरज नाही. केळीचं रुंद पान खिडकीपासून दहा पावलांवर असू द्या, पाऊस किती आहे ते आत बसून कळतं. अळूच्या पानावर तोच पाऊस निराळा वाजतो. पिंपळाची सळसळ मोठी गोड, पण त्याची मुळं भिंत फोडतात, म्हणून तो घरापासून लांबच बरा. बांबूत माणगा निवडा, त्याला काटे नसतात. कळक काटेरी, तो अशा बागेत नको. वाऱ्यात बांबू एकमेकांवर घासून करकरतो. काहींना तो आवाज फार आवडतो, तर काही मुलं त्याने घाबरतात, म्हणून बेट लावण्याआधी मुलांना एखाद्या बेटाखाली नेऊन बघा. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा हिवाळाभर झाडावर वाजत राहतात. खुळखुळ्याच्या शेंगा तर नावाप्रमाणे हातात वाजतात, पण त्याचं बी विषारी. लहान मुलं असतील तिथे तो टाळाच.

डोळ्यांसाठी थोडक्यात. मंद दृष्टीच्या आणि वयस्क माणसांना निळा-जांभळा रंग नीट उमटत नाही, कारण वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि ते निळा प्रकाश अडवतं. त्यांच्यासाठी पिवळा, केशरी, पांढरा: झेंडू, शेवंती, सोनकी. ते हिरव्या किंवा काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर एकगठ्ठा लावा. विखुरलेलं एकेक फूल त्यांना दिसत नाही.

तोंडात जाईल हे धरून चाला

चवीची झाडं निवडणं सोपं आहे. पुदिना, आंबोशी, अंबाडी, करवंद, जांभूळ, आवळा, तोरणं. आवळा खाऊन वर पाणी पिण्याची गंमत कुठल्याही मुलाला एकदा दाखवावी. अवघड आहे ते नको असलेलं ओळखणं. लहान मुलं, बौद्धिक दिव्यांग माणसं, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांच्या बागेत हाताला येणारी प्रत्येक गोष्ट तोंडात जाईल असं धरूनच निवड करावी. "तसा फलक लावू" हे उत्तर चालत नाही.

शाळांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणाला कण्हेर आणि बिट्टी सर्रास असतात, कारण जनावरं त्यांना तोंड लावत नाहीत. जनावरं तोंड लावत नाहीत ती विषामुळे. दोन्हींचं विष हृदयावर जातं, आणि बिट्टीची बी मुलांच्या खेळण्यात येते. गुंजेचं लाल-काळं बी दिसायला मण्यासारखं आणि चावलं तर जीवघेणं. धोत्रा, एरंड, कळलावी, रातराणीची फळं, घाणेरीची कच्ची फळं, घरात शोभेला ठेवतात ते डिफेनबाकिया, ही सगळी बाहेर. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका आहे, आणि ज्याला दिसत नाही तो हात लावून तोच हात चेहऱ्याला लावतो. पांढऱ्या खुरचाफ्याच्या चिकानेही काहींची त्वचा चुरचुरते, तो हवाच असेल तर फांद्या हाताच्या वर ठेवा.

मुळशीत आणखी तीन गोष्टींवर नजर हवी. हिवाळ्यात कुंपणावर चढलेली खाजकुइली, तिच्या शेंगांवरची कुसं वाऱ्यानेही उडतात. रानात बिब्बा, त्याच्या रसाने फोड येतात. आणि पावसानंतर रिकाम्या जागेत माजणारं गाजरगवत, त्याने अंगावर पुरळ येतं. बाग सुरू करण्याआधी आणि मग दर दिवाळीला कुंपणाच्या कडेने एक फेरी मारून हे काढायचं, हातमोजे घालून.

मधमाश्यांबद्दलही बोललं पाहिजे. त्या हव्यातच, त्यांचा गुंजारव हा बागेचा मोठा आवाज आहे. पण तुळस, सब्जा यांच्या फुलोऱ्यावर दिवसभर माश्या असतात आणि न बघता फिरणारा हात नेमका तिथे जातो. फुलोरा येणारी तुळस वाटेपासून हातभर आत लावा. वाटेलगत ज्यांची पानंच कामाची, ती ठेवा आणि त्यांचे तुरे खुडत राहा.

वाफा आणि वेळ

मुळशीत जमिनीला सपाट वाफा करूच नये. गादीवाफा किंवा बांधीव उंच वाफा करा. चाकाच्या खुर्चीसाठी लागणारी साठ ते पंच्याहत्तर सेंटिमीटरची उंची आणि पावसासाठी लागणारा निचरा, दोन्ही त्याने साधतात. तळाशी वीतभर दगडगोटे आणि मुरूम, वर माती, शेणखत आणि भाताचं तूस. तूस इथल्या गिरण्यांत सहज मिळतं आणि माती भुसभुशीत ठेवतं. भिंतीला खाली पाणी जायला भोकं ठेवायला विसरू नका. वाट निदान सव्वा मीटर रुंद असावी. तिच्या कडेला बांबूच्या खुंटांवरून काथ्याची दोरी बांधा आणि दर वळणावर दोरीला एक गाठ मारा. हाताला गाठ लागली की इथे थांबून वास घ्यायचा आहे हे कळतं.

मोठी झाडं पहिल्या दमदार पावसानंतर जूनमध्ये लावावीत, म्हणजे जोराचा पाऊस येईतो मुळं धरतात. नाजूक रोपं आणि कुंडीतल्या वनस्पती गणपतीनंतर. उन्हाळ्याचा विचार लावतानाच करा. मुळशी धरण डोळ्यांसमोर असलं तरी त्याचं पाणी वीज करत कोकणात भिऱ्याला उतरतं, आणि वैशाखात आपल्या विहिरीला पाणी असेलच असं नाही. म्हणून ज्यांना रोज पाणी लागतं अशी झाडं एकाच वाफ्यात, घराजवळ ठेवा, म्हणजे स्वयंपाकघराचं पाणी तिथवर पोचतं. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात घाला. आंबेहळद आणि सोनटक्क्याच्या कंदांना रानडुकरं लागतात. त्यांच्यासाठी वाफा दगडी हवा किंवा कंद मोठ्या कुंड्यांत हवेत.

सगळं एका वर्षात करू नका. पहिल्या पावसाळ्यात पाच गोष्टी लावा: पानओवा, कढीपत्ता, सोनटक्का, पारिजातक आणि मूठभर तेरडा. वर्षभर नुसतं बघा की ज्यांच्यासाठी बाग केली ती माणसं कुठे थांबतात, कशाला पुन्हा हात लावतात, कशाकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या वर्षीची यादी ती माणसंच तुम्हाला देतील. पण त्याआधी, हा लेख वाचून झाला की आजच, आपल्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या कुंपणाशी जाऊन बघा तिथे बिट्टी आहे का, आणि असेल तर पाऊस सुरू होण्याची वाट न बघता ती मुळासकट काढा.